हरण्याला एकच सुई

“एक सुई. फक्त एक. परत ह्या उंटाचं तोंड बघायची पाळी माझ्यावर आली, तर नाव बदलून ठेवीन!”

हे वाक्य डॉ. अनेकांत मगदूम रंकाळ्याच्या काठावर, भेळेच्या गाड्यांच्या गर्दीत, हातातली औषधाची बाटली उन्हात धरून बोलला. कोल्हापुरात माणसानं बढाई मारायला कुणाची ना नाही. पण मारताना आजूबाजूला आपल्या पेठेतलं कोण उभं आहे, एवढं तरी बघावं. अनेकांतनं बघितलं नाही. तालमीचे बापूसो वस्ताद शेजारीच भेळ खात उभे होते. बघितलेली कुस्ती आणि ऐकलेली बढाई वस्ताद मरेपर्यंत विसरत नाहीत.

अनेकांत हा शिवाजी पेठेतला म्हशींचा डॉक्टर. पदवी सगळ्या जनावरांची होती, पण पेठेत जनावर म्हणजे म्हैस. बाकीची किरकोळीत धरायची. म्हशीच्या डोळ्यांत बघून तो ताप सांगायचा आणि थर्मामीटर नंतर मुकाट्यानं त्याला दुजोरा द्यायचा. असं वर्षानुवर्षं झालं की माणसाला जरा चढतं. त्याला चांगलंच चढलं होतं.

आता ह्या म्हशींच्या डॉक्टरचं उंटाशी काय काम, असं तुम्ही विचाराल. ते सांगायचं तर आण्णा इंगवल्यांपासून सुरुवात करायला लागते.

आण्णांचा दुधाचा धंदा. गोठा भरलेला, आवाज दांडगा, आणि थोरल्या बहिणीनंतर घरात नुसते मुलगेच मुलगे. गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेला, अनुजाला, मुलगी झाली. आण्णा दवाखान्यात नाचायचेच बाकी राहिले होते. तेवढ्यात त्यांची थोरली बहीण तानाबाई पाळण्यात डोकावली आणि म्हणाली, “पोरगीच झाली व्हय? असू दे. पुढच्या खेपंला बघू.”

खाटेवरच्या अनुजानं तोंड भिंतीकडं फिरवलं. ते आण्णांनी बघितलं आणि त्यांचं डोकंच सणकलं. दवाखाना म्हणजे हळू बोलायची जागा. तिथं आण्णा गोठ्यातल्या आवाजात म्हणाले, “माझ्या नातीच्या बारशाला मी हत्तीवरनं साखर वाटणार हाय. पेठेत ज्येला ज्येला तोंड हाय, त्येनं गोड करून घ्यायचं.”

हत्तीवरून साखर वाटीन असं आपल्याकडं सगळेच म्हणतात. पोरगं दहावी पास झालं तरी म्हणतात. म्हणायचं आणि पेढ्यावर भागवायचं, अशी रीत आहे. पण आण्णांना रीत कोण शिकवणार? ते खरोखरच हत्ती शोधायला निघाले. वनखात्याच्या साहेबानं त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की आण्णा समोर आलेला चहासुद्धा न घेता परत आले. इकडं पेठेत तर सगळ्यांना कळलं होतं. तानाबाई तर रोज दारात येऊन विचारायची, “आला का रं तुझा हत्ती?”

शेवटी वस्तादांनीच तोड काढली. म्हणाले, साखर वरनं पडल्याशी कारण. जनावर उंच असलं म्हणजे झालं, सोंड नसली तरी चालतंय. आणि उंच जनावर तर रंकाळ्यावर होतंच.

तो उंट उदयसिंहचा. उदयसिंह हा तिशीचा हौशी गडी. कुठल्याशा बाजारातून त्यानं उंट आणला होता आणि पोराटोरांना त्याच्यावरनं रंकाळ्याची चक्कर मारून आणायचा. आज्ज्याच्या आवडत्या बैलाचं नाव हरण्या होतं, म्हणून उंटाचंही नाव हरण्या. उंटाविषयी उदयसिंहला तेवढंच ठाऊक होतं. बाकी सगळं तो बैलावरून ताडायचा.

बारसं रविवारी, आणि नेमका त्याच आठवड्यात हरण्या आजारी पडला. परतीच्या पावसात भिजला असावा. नाक गळायला लागलं, खोकायला लागला, अंगात ताप, आणि रवंथ बंद.  आण्णांनी अनेकांतला गोठ्यातनं तसाच स्कूटरवर घालून रंकाळ्यावर आणला, आणि तिथं आपल्या डॉक्टरनं वर सांगितलेलं वाक्य म्हटलं.

वाक्यामागं विद्या होती, हे मान्य करायला पाहिजे. साध्या औषधाची सुई रोज द्यायला लागते. म्हणजे रोज उंटाजवळ जायचं आलं. अनेकांतनं ओळखलं की हे काम एका झटक्यात उरकलं पाहिजे. म्हणून त्यानं दमदार औषध काढलं. रंग काकवीचा, आणि दाटही तसंच. हे मांसात खोल घालायचं. तिथं ते लोणच्यासारखं मुरत बसतं आणि जरा जरा करून रक्तात उतरत राहतं. आज टोचलं की तीन दिवस बघायला नको.

“म्हशीला देतो तसंच,” तो उदयसिंहला म्हणाला. “एक सुई आणि रविवारी उंट पळंल.”

उंटाला बसवला, पुढचा गुडघा बांधला. आता सुई टोचायची कुठं? तशी ती मानेत देता आली असती. पण मानेच्या शेंड्याला तोंड होतं, तोंडात दात होते, आणि ते दात पिवळेधमक दिसत होते. अनेकांतनं उंटाच्या पुढून मागं एक फेरी मारली. औषध जास्त होतं, ते दोन-चार ठिकाणी वाटून दिलं असतं तर बरं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. पण दोन-चार ठिकाणी म्हणजे दोन-चार वेळा उंट डिवचायचा! सत्याला अनेक बाजू असतात म्हणून बापानं हौसेनं त्याचं नाव अनेकांत ठेवलं होतं. उंटाची मात्र त्यानं एकच बाजू बघितली, मागची. मांडीत सुई खुपसली आणि सगळी बाटली एका जागी रिकामी केली.

हरण्या ओरडला नाही. त्यानं फक्त मान लांब करून मागं वळवली, आणि अनेकांतचा चेहरा नीट, सावकाश बघून घेतला. बँकेतला शिपाई फोटो आणि माणूस ताडून बघतो, तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनेकांत पोहे खात होता, तेवढ्यात उदयसिंहचा फोन आला. मिरवणूक तालमीपासून निघणार म्हणून त्यानं हरण्याला रात्रीच तालमीमागच्या पटांगणात आणून ठेवला होता. येताना उंट लंगडत आला. आता बसलाय तो उठत नाही. आणि मांडीवर नारळाएवढी सूज.

“डॉक्टर, ह्येला दुसरं वशिंड फुटालंय,” उदयसिंह म्हणाला, आणि त्याच्या आवाजात भीतीपेक्षा कौतुक जास्त होतं.

अनेकांत गेला. पटांगणात जत्रा भरली होती. दुसरं वशिंड बघायला माणसं यायला लागली होती, आणि उदयसिंह मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढत होता. अनेकांतनं लांबूनच सांगितलं की औषध घट्ट आहे, सूज येते, ओसरते, घाबरायचं कारण नाही. एवढं बोलून तो ताप बघायला जवळ गेला. हरण्यानं त्याला ओळखलं. गालाचा फुगा करून, पोटातनं गडगडाट काढून, त्यानं सगळा हिरवा रवंथ डॉक्टरच्या पांढऱ्या शर्टावर नेमका मारला.

रवंथ म्हटल्यावर अनेकांतला आधी आनंदच झाला. म्हणजे बंद पडलेला रवंथ परत सुरू झाला! औषध लागू पडलं होतं. ताप बघितला तर तोही उतरला होता. नाक कोरडं, खोकला गेलेला. पण हे सांगायचं कुणाला? लोक शर्टाकडं बघून हसत होते. औषधानं उंट बरा झाला होता आणि सुईनं बसला होता. ह्याला यश म्हणायचं की अपयश, हे त्यालाही कळेना.

घरी त्याची बायको भाग्यश्री शर्टाचा वास घेऊन दोन पावलं मागं सरकली आणि एवढंच म्हणाली की हा शर्ट धुवायचा नाही, पुरायचा.

मग त्याला दीपा आठवली. कॉलेजात त्याच्या बाकावर बसायची, आता तिकडं बिकानेरला उंटांचीच डॉक्टर आहे. फोन केला. दीपानं सगळं ऐकून घेतलं आणि मग कितीतरी वेळ नुसती हसली.

“मांडीत? आणि सगळं एकाच जागी?” तिनं विचारलं. “अरे, मानेत द्यायचं, वाटून द्यायचं. मांडीत एवढं घट्ट औषध घातल्यावर तो चालेल कसा?”

“मानेकडं दात होते.”

“उंटाला दात असणारच की, अनेकांत.”

पण तिनं धीरही दिला. ताप उतरलाय म्हणजे औषध आपलं काम करतंय. गाय-म्हशीचा हिशेब उंटाला जसाच्या तसा लावू नकोस, त्याच्या अंगात औषध आपल्या चालीनं उतरतं. सूज येते, ठणकतं, पण उंटाला ते झेपतं. रविवारपर्यंत पुष्कळ ओसरेल. त्याला रोज जरा जरा चालव, आणि काहीही झालं तरी सूज चोळू देऊ नकोस. चोळलं की मुरायला ठेवलेलं औषध भलतीकडं पसरतं आणि सूज उलट वाढते.

‘चोळू देऊ नकोस’ हे शब्द कानात घेऊनच अनेकांत संध्याकाळी परत पटांगणात गेला. जाऊन बघतो तर काय! बापूसो वस्ताद लांग कसून बसले होते, शेजारी तिळाच्या तेलाची किटली, आणि तालमीतले दोन आडदांड पैलवान हरण्याची मांडी कोपरानं रगडत होते.

इथं तालमीची बाजूही समजून घ्यायला पाहिजे. शिवाजी पेठेत कुणाचंही काहीही सुजलं, मुरगळलं, आखडलं, की ते तालमीत जातं. तिथं सगळ्याला एकच औषध, मालिश. उंट तालमीच्या जागेत येऊन बसला, म्हणजे वस्तादांच्या मते तो तालमीचा पैलवान झाला. आणि दुखावलेल्या पैलवानाचे तालमीत नियम ठरलेले असतात. त्याला रगडायचं, त्याला खुराक द्यायचा, आणि वस्तादांनी सांगितल्याशिवाय जागचं उठू द्यायचं नाही.

अनेकांतनं हात जोडून सांगितलं, औषध समजावून सांगितलं, लोणच्याचा दाखला दिला. लोणच्याची बरणी कुणी रोज हलवतं का, असं विचारलं. वस्ताद म्हणाले, त्यांच्या घरी हलवतात. लोणच्याचा दाखला तिथंच संपला.

“डॉक्टर, तुमचं काम टोचायचं, ते तुमी केलासा,” वस्ताद शांतपणे म्हणाले. “आता जनावर तालमीचं हाय. आमी आजवर कुणाचा पाय अधू सोडला न्हाय.”

गुरुवारी नारळाचं कलिंगड झालं. ‘बघा, गाठ वर आली, आता फुटंल,’ म्हणून वस्तादांनी मालिश दुप्पट केलं. अनेकांत चिडून आण्णांकडं गेला. आण्णांनी वस्तादांना चार शब्द सुनावले, पण वस्तादांपुढं पेठेत कुणाचं चालत नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की चोळणं बंद, पण खुराक आणि विश्रांती चालू. चालवणं तर नाहीच नाही.

आणि खुराक तरी काय! सकाळी शेंगपेंड आणि भिजवलेले हरभरे, दुपारी गुळाची ढेप, संध्याकाळी बदामाची थंडाई. हरण्याच्या सात पिढ्यांनी थंडाईचा वास घेतला नसेल. रंकाळ्यावर दिवसभर पोरं वाहून त्याला कडबा मिळायचा. इथं नुसतं बसलं की बदाम! अनेकांत रोज लांब, भिंतीआडून बघायचा. शनिवारी सूज चांगली उतरली होती. हरण्या मांडी बदलून बसायचा, ह्या कुशीवरनं त्या कुशीवर व्हायचा, पण उठायचं म्हटलं की असा कण्हायचा की वस्तादांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

“दुखत नाही हो त्याला,” अनेकांत जीव तोडून सांगायचा. “सोंग करतंय ते.”

“मुकं जनावर सोंग करतंय व्हय?” माणसं त्यालाच वेड्यात काढायची. वर कुणीतरी म्हणायचंच, एक सुई ना डॉक्टर? फक्त एक? त्याच्या स्वतःच्या दवाखान्यात म्हैस घेऊन आलेला माणूससुद्धा आधी विचारायला लागला की सुई मागं देणार का पुढं.

शनिवारी दुपारी आण्णा त्याच्या घरी आले. आण्णा आले की आधी आवाज येतो, मग आण्णा येतात. त्या दिवशी आवाजच आला नाही. ते खुर्चीत बसले, भाग्यश्रीनं दिलेलं पाणी प्यायले, आणि पेला खाली ठेवला.

“डॉक्टर, माझं काय न्हाय,” ते म्हणाले. “मला पेठ हसली तर मी चार शिव्या घालीन, इषय मिटला. पण सकाळी तानाक्का घरात येऊन सगळ्या बायकांसमोर म्हणाली, पोरीचा पायगुण बघा, हत्ती तर आला न्हायच, उंट बी बसला. अनुजानं ऐकलं. तवापासनं ती जेवली न्हाय. माझ्या नातीनं अजून डोळं नीट उघडलं न्हाईत, आणि तिच्या नावावर उंट बसवला त्येनी.”

अनेकांतला आतून काहीतरी लागलं. आतापर्यंत त्याला आपल्या नावाची पडली होती. हा उंट त्या तान्ह्या पोरीच्या नशिबानं बसला नव्हता. दातांना भिऊन मांडीत सुई मारणाऱ्या एका शहाण्यामुळं बसला होता. हे पेठेत उभं राहून सांगावं असं त्याला वाटलं. पण सांगून काय उपयोग? पेठेला उंट उभा राहिलेला बघायचा होता.

“आण्णा, उद्या तो उठंल,” तो म्हणाला. कसा, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

रविवार उजाडला. हलगीवाले आले, लेझीमवाले आले. हरण्याला झूल घातली, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला म्हशींना बांधतात तसा मोराच्या पिसांचा तुरा. आण्णा गुलाबी फेटा बांधून आले, साखरेचं पोतं झुलीला बांधलं, आणि आण्णा बसलेल्या उंटावर चढून बसले. एवढं झाल्यावर तरी जनावराला लाज वाटून ते उठेल, असा त्यांचा अंदाज होता.

हरण्यानं गुळाचा खडा ह्या गालातून त्या गालात घेतला.

हलगी कडाडली. हरण्या ढिम्म. उदयसिंहनं दोरी ओढली, पैलवानांनी मागनं रेटा दिला. हरण्या कण्हला. वस्तादांनी लगेच हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, अजून चार दिवस तरी पैलवान उठणार नाही, बारसं पुढं ढकला. कुणीतरी सुचवलं की आण्णांनी बसल्या जागेवरनंच वाटावी साखर. तानाबाई गर्दीतच होती. ती म्हणाली की एवढ्या उंचीवरनं तर म्हशीवर बसून पण वाटता आली असती, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आण्णांचा चेहरा फेट्यापेक्षा लाल झाला. पण ते उतरेनात.

“मी बसलोय,” ते म्हणाले. “साखर वाटल्याबगर उतरणार न्हाय. मग हितं संक्रांत आली तरी चालंल.”

अनेकांत भिंतीआडून हे सगळं बघत होता. आता मात्र त्याला राहवेना. म्हटलं, शर्ट गेला तर गेला. दुखणं कमी करायची एक छोटी सुई देऊन बघू. दुखत असेल तर थांबेल, आणि सोंग असेल तर निदान वस्तादांना तरी पटेल. तो पिशवी घेऊन गर्दीतनं पुढं घुसला. ह्या वेळी मानेत द्यायची, दात असोत नाहीतर सुळे, असं त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं. हरण्याच्या तोंडासमोर जाऊन तो उभा राहिला, पिशवीतनं औषध भरलेली सिरिंज काढली, आणि सवयीनं हवा काढायला ती उन्हात वर धरली.

हरण्याचं रवंथ करणं थांबलं.

त्यानं सिरिंज बघितली. सिरिंजखालचा चेहरा बघितला. आणि पुढच्याच क्षणी, चार दिवस ज्याला दहा माणसं हलवू शकली नव्हती, तो उंट ताडकन उठला! उंट उठतो तो आधी मागनं. त्यामुळं आण्णा आधी पुढं गेले ते थेट मानेवर, मग पुढचे पाय सरळ झाले तसे मागं गेले ते पोत्यावर, पोत्याचं तोंड सुटलं, आणि पहिली साखर नेम धरल्यासारखी तानाबाईच्या उघड्या तोंडात पडली. ती त्या वेळी काहीतरी बोलायच्या बेतात होती.

“हाण तिच्या मारी!” वस्ताद ओरडले. हलगीवाल्यांनी तोच इशारा समजून हलगी सुरू केली आणि मिरवणूक निघाली.

हरण्या लंगडला? छे! नवरदेवाच्या घोड्यानं मान खाली घालावी असा चालत होता. पण गल्लीच्या तोंडाशी येऊन त्यानं मागं वळून बघितलं. डॉक्टर दिसत नव्हता. तसे त्याचे पुढचे गुडघे सावकाश वाकायला लागले. वरनं आण्णा किंचाळले, “डॉक्टर! डॉक्टर कुठं हाय?”

दोन पैलवानांनी अनेकांतला बखोटीला धरून उचलून आणला आणि उंटाच्या मागं उभा केला. त्यानं सिरिंज वर केली. गुडघे सरळ झाले.

मग काय सांगायचं! पुढं हलगी, मध्ये उंट, उंटावर गुलाबी फेट्याचे आण्णा ओंजळीनं साखर उधळताहेत, आणि मागं डॉक्टर अनेकांत मगदूम, पदवीधर, सिरिंज मशालीसारखी वर धरून चालताहेत. हात खाली केला की उंट बसायला लागायचा. हात दुखला म्हणून बदलला, तर उदयसिंह कॅमेऱ्यामागनं म्हणायचा की डॉक्टर, मघाचाच हात बरा दिसत होता. आण्णा पुढं उधळायचे आणि वारा साखर मागं आणायचा. अर्ध्या वाटेत त्याचे केस, भुवया, कॉलर सगळं चिकट झालं आणि पेठेतल्या सगळ्या माश्यांना मिरवणुकीचं आमंत्रण गेलं. खिडकीतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या की मागचा तो नवस फेडालाय का? भाग्यश्रीही खिडकीत उभी होती. नवरा आज दुसरा पांढरा शर्ट घालून गेला होता, एवढं मात्र तिनं बघितलं.

आण्णांच्या दारात अनुजा लेकीला घेऊन उभी होती. हरण्या दारासमोर थांबला. आण्णांनी वाकून, पोत्याच्या तळाशी उरलेली मूठभर साखर तिच्या पदरात घातली.  अनुजा रडत रडत हसली. साखरेनं पांढरी झालेली तानाबाई मागनं पुढं आली, पोरीकडं बघितलं, आणि म्हणाली, “पायगुण हाय बाई पोरीचा. बसलेला उंट उठवला.”

उंट कुणी उठवला ते अनेकांतला ठाऊक होतं, पण श्रेय घेण्याची ती वेळ नव्हती. शिवाय हात वरच होता.

पाळण्यात पोरीचं नाव क्रांती ठेवलं. घुगऱ्या वाटल्या. माणसं जेवायला बसली, तसे वस्ताद पत्रावळ सोडून उठले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “डॉक्टर, पाळणा बांधलेलाच हाय. तुमचं बी उरकून टाकू की. रंकाळ्यावर काय म्हटलासा, ध्यानात हाय न्हवं? परत उंटाचं तोंड बघितलं तर नाव बदलून ठेवीन.”

सगळा मांडव हसला. अनेकांतही हसला. दोन दिवसांनी लोक विसरतील, असं त्याला वाटलं होतं.

त्यानं दीपाला फोन करून विचारलं की ह्या औषधाचा असर तीन दिवस म्हणतात, तो उंटात किती टिकतो. ती म्हणाली, औषध केव्हाच उतरलं असेल. तुझा चेहरा मात्र तो मरेपर्यंत विसरायचा नाही.

उदयसिंहनं मिरवणुकीचा व्हिडिओ टाकला होता आणि तो गगनबावड्यापासून पार राज्याच्या सीमेपलीकडं सगळ्यांनी बघितला होता. हरण्याला बारशांची, लग्नांची बोलावणी यायला लागली, आणि प्रत्येकाची एकच अट: उंटामागं डॉक्टर पाहिजे. दवाखान्याच्या पाटीवर अजून डॉ. अनेकांत मगदूम असंच लिहिलं आहे. पण कोपऱ्यावर जाऊन ते नाव विचाराल तर कुणी पत्ता सांगणार नाही.

परवा सकाळी तो पोहे खात होता, तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

“हॅलो, हरण्याचं डॉक्टर न्हवं?” पलीकडनं एक पावणं विचारत होते. “कळंब्यात लगीन हाय. उंट ठरलाय, तुमी मोकळं हायसा का?”

अनेकांत चिडला. राँग नंबर, असं तो म्हणणारच होता. पण भाग्यश्रीनं त्याच्या पुढ्यात एक जुना, डाग न दिसणारा, गडद हिरवा शर्ट आणून ठेवला.

त्यानं शर्टाकडं बघितलं, तोंडातले पोहे गिळले आणि म्हणाला, “बोलतोय. तारीख सांगा.”